पाठीचा बाक आणि पुढे आलेली मान

बाजूने पाहिले तर निरोगी माणसाचा कणा सरळ दिसत नाही. मानेच्या 7 मणक्यांची कमान पुढे झुकलेली असते, छातीच्या पिंजऱ्यामागच्या 12 मणक्यांची मागे, आणि कमरेच्या 5 मणक्यांची पुन्हा पुढे. या वळणांमुळे चालता-धावताना बसणारे हादरे वाटले जातात आणि डोक्याचा भार पायांपर्यंत नीट उतरतो. तेव्हा पाठीला बाक असणे हा दोष नव्हे. तो किती आहे हे पाहायचे. तरुण माणसाच्या एक्स-रेवर छातीमागच्या बाकाचा कोन साधारण 20 ते 40 अंश भरतो, आणि वयाबरोबर तो थोडा वाढतोच. कोन 40 अंशांच्या बराच पुढे गेला की लोक ज्याला पोक म्हणतात ते डोळ्यांत भरू लागते. पाठ वरच्या भागात गोल होते, खांदे पुढे पडतात, छाती आत जाते आणि हनुवटी शरीराच्या आधी दारात शिरते.

पाठ आणि मान यांचा विचार वेगवेगळा करून चालत नाही. वरची पाठ पुढे कलली की नजर जमिनीकडे जायला हवी. पण माणसाला तर समोर पाहायचे असते. मग कवटीच्या पायथ्याशी असलेले मानेचे वरचे सांधे मागे दुमडून तो नजर वर आणतो. अशा मानेचा खालचा भाग पुढे वाकलेला आणि वरचा भाग मागे मुडपलेला राहतो. दिवसभर याच अवस्थेत राहिलेल्या माणसाला संध्याकाळी डोक्याच्या मागच्या बाजूला ताठरपणा जाणवतो आणि तो स्वतःच मान चोळत बसतो. चोळल्याने तात्पुरते बरे वाटते, पण मूळ तिथे नसते, दोन फऱ्यांच्या मधल्या भागात असते. तिथले मणके बरगड्यांनी जखडलेले असल्याने मुळातच कमी हलतात, आणि वापर थांबला की जवळजवळ हलायचेच बंद होतात.

चेक वैद्य व्लादिमिर यांदा यांनी स्नायूंच्या अंगाने याची मांडणी केली. त्यांच्या वर्णनानुसार अशा देहात दोन तिरक्या रेषा एकमेकींना छेदतात. एका रेषेवर छातीचे स्नायू, खांदे कानांकडे ओढणारे स्नायू आणि कवटीच्या पायथ्याचे छोटे स्नायू आखडलेले असतात. दुसऱ्या रेषेवर मानेच्या पुढच्या बाजूचे खोल स्नायू, फऱ्यांना खाली व मागे धरणारे स्नायू आणि फरे बरगड्यांना चिकटवून ठेवणारा करवती कडेचा स्नायू दुबळे पडलेले असतात. प्रत्येक रुग्ण या नकाशात तंतोतंत बसत नाही. तरीही काय सैल करायचे आणि काय बळकट करायचे याचा अंदाज त्यावरून येतो, म्हणून जगभरच्या फिजिओथेरपी विभागांत तो अजून वापरला जातो.

सगळे बाक एका जातीचे नसतात, आणि व्यायामाचा विचार करण्यापूर्वी जात ओळखावी लागते. सर्वांत मोठा गट सवयीच्या बाकाचा. हाडे धड असतात, फक्त स्नायू आणि अस्थिबंध त्या स्थितीला सरावलेले असतात. असा माणूस पालथा झोपून छाती उचलू लागला की पाठ सपाट होते. दुसरा प्रकार वाढत्या वयातल्या मुलांचा. डॅनिश डॉक्टर होल्गर शॉयरमान यांनी 1920 च्या सुमारास त्याचे वर्णन केले. यात लागोपाठचे मणके पुढच्या बाजूने कमी वाढून पाचरीसारखे होतात. सलग 3 मणके प्रत्येकी 5 अंश किंवा जास्त पाचरलेले असले की निदान पक्के धरतात. अशा मुलाला ‘नीट बस’ म्हणून दटावणारे आईवडील त्याच्यावर अन्याय करत असतात, कारण त्याची पाठ मनात आणूनही सरळ होत नाही. तिसरा प्रकार उतारवयातला, विशेषतः पाळी गेल्यानंतरच्या स्त्रियांचा: हाडे ठिसूळ होऊन मणके पुढून दबतात, बरेचदा पडल्याझडल्याशिवाय, वाकून बादली उचलतानाही. तरुणपणच्या उंचीपेक्षा 4 सेंटिमीटर किंवा अधिक घट दिसली तर मणका दबल्याची शंका घ्यावी.

आणखी तीन कारणे भारतात विसरता येत नाहीत. मणक्याच्या क्षयरोगात पाठ गोल होत नाही, एका जागी टोकदार उंचवटा येतो. सोबत संध्याकाळचा ताप, वजन घटणे, रात्रीचे दुखणे असू शकते. त्याला व्यायाम नाही, क्षयाची औषधे लागतात आणि तीही लगेच. तरुणांमध्ये सकाळी उठल्यावर बराच वेळ राहणारा आणि हालचालीने कमी होणारा ताठरपणा तीन महिन्यांहून अधिक टिकला, तर कणा सांधून टाकणाऱ्या संधिवाताची तपासणी करावी. मानेच्या मुळाशी मऊ गादीसारखा उंचवटा असेल, तर तो कधी कधी दीर्घकाळ घेतलेल्या स्टेरॉइडमुळे साठलेल्या चरबीचाही असतो; ती चरबी कोणत्याही आसनाने हलत नाही.

घरच्या घरी तपासायला एक रिकामी भिंत पुरते. टाचा भिंतीपासून चार बोटे पुढे, पार्श्वभाग आणि पाठ भिंतीला टेकलेली, हनुवटी आडव्या रेषेत. या स्थितीत डोक्याची मागची बाजू आपोआप भिंतीला लागायला हवी. लागण्यासाठी हनुवटी वर करावी लागली किंवा मध्ये अंतर राहिले, तर ते अंतर पट्टीने सेंटिमीटरमध्ये मोजायचे. मग त्याच माणसाला पाठीवर उताणे झोपवायचे. जमिनीवर डोके उशीशिवाय सुखाने टेकत असेल तर बाक लवचीक आहे. डोके हवेत राहिले, किंवा ते टेकवताना हनुवटी छताकडे गेली, तर काही भाग आता हाडाचा आणि अस्थिबंधांचा झालेला आहे. या एका भेदावर पुढच्या सगळ्या अपेक्षा अवलंबून राहतात. लवचीक बाक व्यायामाने बराचसा भरून येतो. पक्का झालेला बाक व्यायामाने थांबवता येतो, थोडा कमी करता येतो, नाहीसा करता येत नाही. ‘महिन्याभरात पाठ ताठ’ अशा जाहिराती हा भेद सांगत नाहीत.

नागपुरात सवयीचा बाक कसा घडतो हे पाहायला फार फिरावे लागत नाही. गोळीबार चौक, पाचपावली, इतवारी या भागांत कोष्ट्यांचे हातमाग होते तेव्हा खड्डामागावर बसलेला विणकर पाय खड्ड्यातल्या पावड्यांवर आणि धड कापडाच्या तुळईवर ओणवून धोटा फेकत असे. सराफ्यातला कारागीर आजही तसाच ओणवा बसतो. पूर्वेला भंडारा-गोंदियात भातरोवणीच्या दिवसांत बायका तासन् तास कमरेतून वाकतात, आणि तेंदूपत्त्याच्या हंगामानंतर विड्या वळणारे हात मांडीवरच्या सुपावर झुकतात. ही जुनी कामे झाली. आता शहरभर पसरलेल्या अभ्यासिकांत डोकावले तर वेगळेच चित्र दिसते. अडीच फुटी कप्प्यात प्लास्टिकची खुर्ची, टेबलावर सपाट पडलेले पुस्तक, त्याच्या बाजूला मोबाइल. स्पर्धा परीक्षेचा विद्यार्थी सकाळी आठला कोपरे टेकवतो. अकराच्या सुमारास त्याचे ढुंगण खुर्चीच्या पुढच्या कडेला आलेले असते, कमरेची कमान उलटी झालेली असते आणि हनुवटी तळहातावर असते. जेवणाच्या सुटीत तो मान वर करतो ती चहाच्या टपरीवर मोबाइलकडे पुन्हा खाली घालण्यासाठी. पाठीवर बॅग घेऊन दुचाकीवर घरी जातानाही तोच आकार.

इतवारीतल्या जुन्या पेढ्यांवर गादी-तक्क्यासमोर मुनीमजींसाठी उतरते लाकडी डेस्क असे. लिहायचा पृष्ठभाग तिरका आणि डोळ्यांजवळ आल्याने मान बरीच कमी वाकते. आधुनिक अभ्यासिकांनी ही साधी गोष्ट का सोडून दिली, हे कळत नाही.

मानेवरच्या भाराबद्दल एक आकडा फार फिरतो. न्यूयॉर्कचे मणक्याचे शल्यविशारद केनेथ हंसराज यांनी 2014 साली गणिती प्रतिमान वापरून हिशोब मांडला. एरवी साडेचार-पाच किलोच्या डोक्याचा मानेवरचा ताण 15 अंश वाकल्यावर सुमारे 12 किलो, 30 अंशांवर 18, 45 वर 22 आणि 60 अंशांवर 27 किलो होतो, असे त्यांनी दाखवले. हा आकडा हिशोबाचा आहे, जिवंत मानेत मोजलेला नाही. त्यावरून ‘मोबाइलने मान मोडते’ असा निष्कर्ष काढणारे त्याला न पेलणारा अर्थ लादतात. ऑस्ट्रेलियात पर्थच्या 17 वर्षांच्या 1,108 मुलामुलींचे बाजूने फोटो घेऊन अभ्यास झाला. त्यात मान पुढे असणे आणि मान दुखणे यांचा थेट संबंध आढळला नाही. दुखण्यात झोप, मनःस्थिती, हालचालीचा अभाव यांचाही वाटा असतो. म्हणून व्यायामाचा हेतू ‘दुखणार नाही’ एवढाच धरू नये. छाती मोकळी होऊन श्वास पुरेसा भरणे, हात डोक्यावर पूर्ण जाणे, उतारवयात तोल सांभाळणे आणि मणके न दबणे, ही कारणे तितकीच भक्कम आहेत.

विदर्भाला शरीर घडवण्याची परंपरा नवी नाही. अमरावतीचे हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ 1914 सालचे. त्याच्या पथकाने 1936 च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी भारतीय खेळांची प्रात्यक्षिके दाखवली. आखाड्यांतला मुख्य भर जोर-बैठकांवर. बैठका पायांना आणि दमसासाला उत्तमच. जोरांनी मात्र छाती आणि खांद्यांचा पुढचा भाग बळावतो. त्याला तोलणारे ओढण्याचे व्यायाम, म्हणजे दोरी चढणे किंवा मल्लखांब, सुटले तर खांदे आत वळतात. जुन्या तालमीत ते सुटत नसत. आज घरी नुसते जोर मारणाऱ्या मुलांत ते हमखास सुटतात. शाळेच्या कवायतीतला ‘सावधान’ही पोकावरचा उपाय मानला जातो, पण छाती बाहेर काढताना मुले प्रत्यक्षात कमर मागून चेपतात, छातीमागचे मणके जिथल्या तिथे राहतात. अशी ताठ अवस्था दोन मिनिटांवर टिकत नाही, आणि टिकवायची गरजही नाही.

या दुखण्याला अधिक उपयोगी पडलेला प्रवाह योगाचा. लोणावळ्यात स्वामी कुवलयानंदांनी 1924 साली कैवल्यधाम सुरू करून आसनांचा प्रयोगशाळेत अभ्यास मांडला. पुण्यात बी. के. एस. अय्यंगारांनी दोरी, लोड, खुर्ची, लाकडी ठोकळे यांचा आधार देऊन ताठरलेल्या पाठींनाही मागे वळता येईल अशी पद्धत घडवली. त्यांची संस्था 1975 साली उभी राहिली. नागपूरपुरते बोलायचे तर रामनगरातल्या जनार्दनस्वामी योगाभ्यासी मंडळाचे नाव प्रथम येते. कोकणात जन्मलेल्या जनार्दनस्वामींनी 1951 साली ते स्थापन केले. आसने सावकाश, ओढाताण न करता, सर्वांनी मिळून करायची हा तिथला रिवाज; त्यामुळे साठीच्या पुढची माणसेही वर्गात टिकतात. पाठीच्या बाकाला हीच गती मानवते. मात्र ठरलेल्या क्रमातले प्रत्येक आसन प्रत्येकासाठी नसते. मान पुढे आलेल्या माणसाने सर्वांगासन आणि हलासन मार्गदर्शकाशिवाय करू नये. त्यात आधीच वाकलेला भाग शरीराच्या वजनाखाली आणखी वाकतो. ठिसूळ हाडांच्या व्यक्तीने पश्चिमोत्तानासनासारखी जोराने पुढे वाकायची आसने टाळावीत आणि शिक्षकांना आपले निदान आधी सांगावे.

ठिसूळ हाडांबाबतची ही सावधगिरी पुराव्यावर उभी आहे. अमेरिकेत मेयो क्लिनिकच्या मेहरशीद सिनाकी आणि बेथ मिकेल्सन यांनी 1984 साली ठिसूळ हाडांच्या 59 स्त्रियांचा अभ्यास प्रसिद्ध केला. पुढे वाकण्याचे व्यायाम करणाऱ्या गटात 89 टक्के स्त्रियांचे मणके नव्याने दबले. पाठ मागे उचलण्याचे व्यायाम करणाऱ्या गटात हे प्रमाण 16 टक्के होते, आणि काहीच न करणाऱ्या गटात 67. चुकीच्या दिशेचा व्यायाम बसून राहण्यापेक्षा वाईट ठरला. अभ्यास लहान आणि जुना आहे, पण त्याचा इशारा अजून मागे घेतला गेलेला नाही.

व्यायामाचा क्रम साधा आहे: आखडलेले आधी सैल करायचे, मग दुबळे बळकट करायचे, मग ते उभ्याने वापरायला शिकायचे. सैल करण्यासाठी टॉवेलची मनगटाएवढी जाड गुंडाळी फऱ्यांच्या खालच्या टोकांखाली आडवी ठेवून उताणे पडावे, गुडघे उभे, हात डोक्याकडे पसरलेले, आणि एक-दोन मिनिटे सावकाश श्वास घ्यावा. कंबर उचलली गेली तर गुंडाळी जाड झाली असे समजावे. दाराच्या चौकटीला दोन्ही कोपरांपासूनचे हात टेकवून एक पाय पुढे टाकला की छातीचे स्नायू ताणले जातात. तिथे अर्धा मिनिट थांबावे, हिसके देऊ नयेत. मार्जारासनात मणक्यांना दोन्ही दिशांची आठवण होते. मणका दबल्याची शंका असेल तर यातले काहीही तपासणीनंतरच.

बळकटीच्या व्यायामांत चुका जास्त होतात. हनुवटी मागे घेण्याचा व्यायाम बहुतेक जण हनुवटी खाली घालून करतात. प्रत्यक्षात नजर समोरच ठेवून, समोरच्याने बोट नाकाकडे आणले तर चेहरा जसा सरळ मागे सरकेल तसे डोके मागे न्यायचे असते; मानेची मागची बाजू लांब झाल्यासारखी वाटली म्हणजे जमले. मानेच्या खोल स्नायूंसाठी उताणे पडून, डोके न उचलता, ‘हो’ म्हणताना हलते तेवढीच मान हलवायची, 10 सेकंद धरायची, असे 10 वेळा. गळ्याच्या बाजूचे जाड स्नायू बोटांना कडक लागले तर जोर जास्त लागतो आहे. हा व्यायाम दिसायला हास्यास्पद वाटावा इतका छोटा आहे, आणि बहुधा म्हणूनच लोक तो आठवड्यात सोडतात.

पाठीसाठी पालथे झोपून, कपाळाखाली टॉवेलची घडी, हात अंगालगत. आधी फरे खाली कमरेकडे सरकवायचे, मग छाती जमिनीपासून चार बोटे उचलायची आणि नजर जमिनीवरच ठेवायची. भुजंगासनात नेमकी इथेच गफलत होते. माणूस मान मागे टाकून छताकडे पाहतो, हातांच्या जोरावर वर येतो, आणि छातीमागचे मणके जसेच्या तसे राहतात. फोटो छान येतो, बाक तसाच. हाताचा आधार काढून घेतल्यावर छाती जितकी वर राहते तितकेच आपले भुजंगासन. हे जमू लागले की हात खांद्याच्या रेषेत पसरून, मग डोक्याच्या दिशेने तिरके करून उचलावेत. शेवटी भिंतीला पाठ टेकून उभे राहावे आणि कोपरे व मनगटे भिंतीला लावून हात वर-खाली सरकवावेत. कंबर भिंतीपासून कमानदार सुटू न देता हे करणे पहिल्या दिवशी बहुतेकांना जमत नाही.

आठवड्यातून किमान तीन दिवस, आणि फळ पाहायला तीन ते सहा महिने. कॅलिफोर्नियात बाक वाढलेल्या 118 ज्येष्ठांवर झालेल्या आणि 2009 साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत 24 आठवड्यांच्या योगवर्गाने लवचीक पट्टीवर मोजलेला बाकाचा कोन सुमारे 6 टक्क्यांनी सुधारला; दुसऱ्या एका उपकरणावर मात्र फरक ठळक दिसला नाही. तिथल्याच 2017 च्या चाचणीत साठीपुढच्या 99 जणांना सहा महिने आठवड्यातून तीनदा पाठ बळकट करणारे व्यायाम आणि बसण्या-उठण्याचे शिक्षण दिले. एक्स-रेवरचा कोन सरासरी 3 अंशांच्या आसपास उतरला. वाढत्या वयात जो कोन वर्षागणिक वाढतच जातो तो उलट दिशेला गेला, ही बाब छोटी नाही. पंधरा-वीस वर्षांच्या मुलाच्या सवयीच्या बाकात याहून बरेच अधिक साधते.

तासाभराच्या व्यायामाला उरलेला दिवस खाऊन टाकू शकतो. एकच ‘योग्य’ बैठक दिवसभर धरून ठेवण्यापेक्षा अर्ध्या तासाने उठणे अधिक कामाचे. पुस्तक तिरके ठेवावे, संगणकाच्या पडद्याची वरची कड डोळ्यांच्या पातळीला आणावी, मोबाइल छातीपर्यंत उचलावा. दोन उशा घेऊन झोपणाऱ्याची मान रात्रभर अभ्यासिकेतच असते. शाळेच्या दप्तराचे वजन मुलाच्या वजनाच्या 10 टक्क्यांपेक्षा जास्त नसावे, असे 2020 चे राष्ट्रीय दप्तर धोरण सांगते. मोजून पाहणारे पालक थोडे. खांदे मागे ओढणारे पट्टे दुकानांत आणि ऑनलाइन भरपूर मिळतात. जे काम स्नायूंनी शिकायचे ते पट्टा करतो, आणि काढला की खांदे पूर्ववत. अंबाझरी, फुटाळा, सेमिनरी हिल्सवर पहाटे चालायला जाणारे नागपूरकर हाडांचे आणि हृदयाचे भले करतात, पण नुसत्या चालण्याने पोक जात नाही. मे महिन्यात पारा 45 च्या घरात गेल्यावर फिरणे आठनंतर अशक्यच होते. हे व्यायाम मात्र पंख्याखाली सतरंजीवर होतात, त्यामुळे उन्हाळ्याची सबब इथे लागू पडत नाही.

हातापायांना मुंग्या, हातातून वस्तू निसटणे, चालताना पाय अडखळणे, लघवीवरचा ताबा जाणे, ताप किंवा अचानक उठलेली पाठीतली कळ यांपैकी काहीही असेल तर व्यायाम थांबवून नागपुरातल्या मेडिकल किंवा मेयो रुग्णालयाच्या, नाहीतर जवळच्या रुग्णालयाच्या अस्थिरोग विभागात दाखवावे. बाकीच्यांनी सुरुवातीलाच भिंत आणि डोके यांतले अंतर व आपली उंची तारखेसह लिहून ठेवावी आणि दर महिन्याला त्याच भिंतीशी, शक्यतो सकाळच्याच वेळी, पुन्हा मोजावी. तीन महिने नेमाने व्यायाम करूनही अंतर वाढत असेल किंवा उंची कमी भरत असेल, तर एक्स-रे काढून घ्यावा.